अभिलेख पटल: काळ्या पाण्यावरून सुटलेल्यांचे कागद शोधताना

मराठवाड्यातल्या घराण्यात कुणी काळ्या पाण्यावर गेल्याचं नुसतं ऐकिवात असेल, तर राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ आधी उघडावं. नोंदणी फुकट आणि स्कॅन झालेली फाइल घरबसल्या वाचता येते. फक्त शोध खटल्यापासून नको, सुटकेपासून सुरू करा. निजामी कोर्टाचे कागद उर्दू-फारसीत, फसली सालाचे (इसवी सन काढायला त्यात 590 मिळवा). सुटकेचा पत्रव्यवहार मात्र इंग्रजीत, आणि कोर्ट, गुन्हा, शिक्षेची तारीख बहुधा त्यातच सापडते.

सुटकेचं साल असं धरा. जन्मठेपवाल्याला साधारण 10 वर्षांनी 'टिकिट ऑफ लीव्ह' मिळे, म्हणजे बेटावरच कमवून खायची मुभा. पुरती सुटका 20 ते 25 वर्षांनी. शिक्षा 1880 ची असेल तर 1900 ते 1905 चाळा. 1877 आणि 1911 चे दिल्ली दरबार, 1887 आणि 1897 च्या राणीच्या ज्युबिल्या, या निमित्तानेही कैदी सुटले. ती सालं वेगळी बघावीत.

बहुतेक जण अडकतात ते खात्यात. होम डिपार्टमेंटची 'पोर्ट ब्लेअर' शाखा सगळ्यांना ठाऊक असते, पण आपला मुलूख संस्थानी. त्यामुळे संस्थानांशी व्यवहार बघणारं फॉरेन डिपार्टमेंट आणि हैदराबाद रेसिडेन्सीचं (निजामाकडच्या इंग्रज वकिलाच्या कचेरीचं) दप्तरही तपासायलाच हवं. निजामाने जन्मठेप दिलेला प्रत्येक जण अंदमानला गेला नाही. संस्थानातल्याच तुरुंगात राहिलेल्यांचा माग इथं लागणार नाही.

शोध इंग्रजी लिपीत करायचा, तोही जुन्या स्पेलिंगने. बीड 'भीर', नांदेड 'नांदेर', जालना 'जॉलना', अंबाजोगाई 'मोमिनाबाद'. विठोबाला 'व्ही' आणि 'डब्ल्यू' दोन्ही लावून बघा. नुसतं नाव टाकलं तर हाती धुपाटणं. 'लाइफ कन्व्हिक्ट', 'रिलीज', 'रेमिशन' (शिक्षेत सूट) यातला एक शब्द जोडीला हवाच. एकाच नावाचे दोघे निघाले तर बापाचं नाव आणि कैदी नंबर जुळवल्याशिवाय आपला माणूस समजू नये.

उणीव मोठी एकच: यादीत नाव दिसतं, पण फाइल उघडत नाही. सरकारी खाती आपले कागद 'अ' आणि 'ब' वर्गांत लावत. 'अ' वर्गातले कागद छापलेले, म्हणून टिकले. 'ब' वर्गातल्यांची पुष्कळदा नोंदच तेवढी उरली आहे. स्कॅन नसेल तर दिल्लीला जनपथवरच्या वाचनकक्षात मागणी करावी लागते. जाताना खातं, शाखा, महिना-साल आणि प्रोसीडिंग नंबर (त्या कागदाचा खात्यातला क्रमांक) टिपून न्या.