ब्लूटूथ की डोंगल: बिनतारी कीबोर्ड-माऊस जोडताना

बिनतारी कीबोर्ड किंवा माऊस संगणकाला जोडण्याचे दोन प्रचलित मार्ग आहेत: ब्लूटूथ आणि उपकरणासोबत मिळणारा यूएसबी डोंगल, म्हणजे यूएसबी पोर्टमध्ये खोचायचा छोटा रिसीव्हर. दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्याच रेडिओ लहरींच्या पट्ट्यात चालतात, तरी रोजच्या वापरात त्यांतला फरक चांगलाच जाणवतो.

डोंगल कारखान्यातच उपकरणाशी जोडलेला असल्याने तो पोर्टमध्ये खोचला की काम सुरू होते, आणि संगणक त्याला साधा यूएसबी कीबोर्ड समजत असल्यामुळे विंडोज सुरू होण्यापूर्वीच्या बायोसच्या (संगणकाच्या मूळ सेटिंग्जच्या) पडद्यावरही कळा चालतात. ब्लूटूथ कीबोर्ड तिथे बहुधा निरुपयोगी ठरतो. ब्लूटूथची जोडणी आधी करून घ्यावी लागते: कीबोर्डवरचा दिवा लुकलुकेपर्यंत त्याचे जोडणीचे बटण दाबून धरायचे, सेटिंग्जमध्ये नाव निवडायचे, आणि पडद्यावर सहा अंक दिसले तर ते त्याच नव्या कीबोर्डवर टाइप करून एंटर दाबायचे. हे शेवटचे एंटर सहज विसरले जाते. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स या दोन कार्यप्रणाली असतील, तर जोडणीची गुप्त किल्ली प्रत्येक प्रणाली स्वतंत्रपणे साठवत असल्याने एकीकडे नव्याने जोडले की दुसरीकडची जोडणी तुटते, आणि हे मला फार जाचक वाटते.

मात्र डोंगल एक पोर्ट अडवतो, शिवाय शेजारच्या यूएसबी ३.० पोर्टला हार्ड डिस्क लावलेली असेल तर तिच्या रेडिओ गोंगाटाने माऊसचा बाण अडखळू शकतो. अशा वेळी हातभर एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल दूर न्यावा. दोनच पोर्ट असलेल्या लॅपटॉपसाठी मी ब्लूटूथ निवडेन, घरच्या डेस्कटॉपसाठी डोंगल.