आल्याला ट्रायकोडर्मा: शेणखतात मुरवून की ड्रिपमधून?

मे महिन्यात आल्याची लागण करायची म्हटली की हा प्रश्न निघतोच: ट्रायकोडर्मा या मित्रबुरशीची पावडर शेणखतात मुरवून बेडवर टाकावी, की लिक्विड आणून व्हेंचुरीतून (ड्रिपच्या पाण्यात खत-औषध ओढून घेणारी नळी) सोडून मोकळं व्हावं? आमच्या सातारा भागात दोन्ही चालतं, मीही दोन्ही करून पाहिलंय.

लिक्विडची सोय नाकारून चालणार नाही. मजूर लागत नाही, ट्रॉलीभर शेणखताचा दर ऐकून घाम फुटत नाही, उभ्या पिकालाही देता येतं. (पावडर मात्र ड्रिपमधून सोडायच्या भानगडीत पडू नका. तिच्यातलं शंखजिरं विरघळत नाही, फिल्टर धुता धुता जीव जातो.)

माझं मन लिक्विडवरून उडालं ते पावसाळ्यामुळे. कंदकूज जोर धरते जुलै-ऑगस्टच्या झडीत. बेड चिंब, सरीत पाणी तुंबलेलं, आणि लिक्विड मुळाशी पोचवायचं तर त्यातच ड्रिप चालू करायचं! ज्या ओलीवर कंदकूज आणणारं पिथियम माजतं, ती आपल्याच हातानं वाढवायची. उघडिपीची वाट बघावी तर तोवर पिवळी पडलेली रोपं ओढली की अलगद हातात येतात.

शेणखतातून दिलं की बुरशी पावसाआधीच कंदाभोवती असते, शिवाय तिला खायला काहीतरी असतं. सेंद्रिय कर्ब कमी असलेल्या रानात नुसती सोडलेली बुरशी फार तग धरत नाही, असा आपला माझा अनुभव. 100 किलो खताला 1 किलो पावडर मिसळायची, ढीग सावलीत लावायचा, वर ओलं गोणपाट. मुठीत दाबल्यावर खताचा लाडू वळावा, पण बोटांतून पाणी गळू नये. अधूनमधून खालीवर केलं की पंधरवड्यात पांढरी जाळी धरते, मग हिरवट झाक येते. खत मात्र पुरतं कुजलेलं हवं. ढिगात हात घातल्यावर गरम लागलं, तर पावडर वाया गेलीच समजा.

जनावरं नसतील किंवा लागण उरकली असेल, तर लिक्विड घ्यायला हरकत नाही. फक्त मोठ्या पावसाआधी सोडून घ्या. आणि बेणं कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकात बुडवून लावलं असेल, तर दोन्हींच्या मध्ये थोडे दिवस जाऊ द्या. ते औषध ट्रायकोडर्मालाही सोडत नाही.