बँकेचं दूध की वरचं दूध: पान्हा फुटेपर्यंत काय द्यावं?

बाळ एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, पेटीत, बाळंतीण वरच्या मजल्यावर, आणि दूध अजून आलेलं नाही. अशा वेळी वडिलांपुढे संमतीचा कागद येतो: इतर मातांनी दान केलेलं, दूध बँकेतलं चालेल का, की पावडरचं सुरू करायचं? आमच्या मुलीला दोन्ही मिळालं. आठव्या महिन्यात सिझर झालं, वजन दीड किलोच्याही आत. त्या नर्सिंग होममध्ये बँक नव्हती म्हणून पावडर सुरू झाली. पुढे श्वासाचा त्रास वाढल्यावर तिला मोठ्या रुग्णालयात हलवलं आणि तिथे बँकेचं दूध मिळालं. मी डॉक्टर नाही, तेव्हा हे एका बापाचं मत म्हणूनच वाचावं.

पहिली पसंती आईच्याच दुधाला, यात वाद नाही. कमी वजनाच्या बाळांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनेही क्रम तसाच लावला आहे: आईचं, ते पुरत नसेल तर तपासलेलं दात्या मातेचं, आणि तेही नसेल तर पावडर. प्रश्न फक्त मधल्या दिवसांचा असतो.

पावडरीच्या बाजूने बोलायचं तर ती कधीही, हवी तेवढी मिळते, आणि तिच्यावर बाळाचं वजनही लवकर चढतं. रोज वजनाचा आकडा विचारणाऱ्या घराला हा मोठा दिलासा असतो. पण अपुऱ्या दिवसांच्या बाळांत आतड्याला सूज येऊन त्याचा काही भाग निकामी होण्याचा एक गंभीर आजार असतो, आणि बँकेच्या दुधाच्या तुलनेत पावडरीवर त्याचा धोका दुपटीच्या आसपास जातो. दीड किलोच्या बाळाला मी चार ग्रॅम वजन उशिरा चढलेलं पत्करीन.

बँकेचं दूध म्हटल्यावर आमच्या घरातला पहिला प्रश्न माझ्या आईचा होता: “कुणाचं दूध, काय माहीत?” प्रश्न रास्त आहे. दान करणाऱ्या मातेची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सिफिलिस यांसाठी रक्ततपासणी होते. दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवतात, त्याचा नमुना जंतूंसाठी तपासतात आणि मग उणे २० अंशांवर गोठवून ठेवतात. मुंबईत सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली दूध बँक सुरू केली, म्हणजे हे काही काल-परवाचं नाही. तापवण्यात दुधातल्या जिवंत पेशी आणि चरबी पचवणारं एक विकर नष्ट होतं, हेही खरं. म्हणून ते आईच्या ताज्या दुधाची बरोबरी करत नाही.

माझं मत मात्र या आकड्यांवर बनलं नाही. पहिल्या ठिकाणी एका गोष्टीने मी हैराण झालो: पावडर कधी संपत नाही, म्हणून आईच्या दुधाची कुणाला आठवणच होत नाही. दर तीन तासांनी नळीतून दूध जायचं, आणि बायकोला सांगितलं जायचं, “तुम्ही आराम करा, बाळाचं होतंय.” सांगणाऱ्यांचा हेतू चांगला होता. पण दूध काढलं तरच दूध येतं. पहिले दिवस स्तन रिकामे झालेच नाहीत, तर पुढे पान्हा कमीच राहतो. त्या काळात तिला कुणी हाताने दूध काढायला शिकवलं नाही.

दुसऱ्या ठिकाणी बँकेचा साठा मोजका. त्यामुळे प्रत्येक पाळीला सिस्टर आधी विचारायच्या, “आईचं किती आलं?” आणि कमी पडेल तेवढंच बँकेचं. त्याच सिस्टरनी बायकोजवळ बसून शिकवलं: अंगठा आणि बोटं काळ्या भागाच्या कडेला ठेवायची, आधी छातीकडे दाबायचं, मग पुढे. चिकाचे थेंबच आले, तर तेही सिरिंजमध्ये भरून खाली नेले आणि बाळाच्या गालाला आतून लावले. दिवसरात्रीत मिळून आठ वेळा, त्यातलं एकदा मध्यरात्री. पंप नंतर आला. बाळाला छातीशी धरून बसण्याची पाळी मलाही मिळाली. हळूहळू बँकेचा वाटा कमी होत गेला आणि एक दिवस लागलाच नाही.

हा फरक दुधाचा नसून त्या त्या वॉर्डाच्या शिस्तीचा, असं कुणी म्हणेल, आणि ते खोडून काढायला माझ्याकडे मोजमाप नाही. तरी मला वाटतं, बँक चालवणाऱ्या ठिकाणी आईच्या दुधाची किंमत माहीत असते.

बँकेच्याही मर्यादा आहेत. साठा आधी अगदी लहान बाळांना जातो, घरी न्यायला सहसा मिळत नाही. अनेक मातांचं दूध एकत्र होत असल्याने दूधभावंडांचं (एकाच बाईचं दूध प्यायलेल्या मुलांचं) नातं मानणाऱ्या मुस्लिम कुटुंबांना धर्मजाणकारांशी बोलून ठरवावंसं वाटेल. बाहेर कुणी आईचं दूध विकत देत असेल, तर घेऊ नका. अशा विक्रीला परवानगी नसल्याचं देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, एफएसएसएआयने, २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. ओळखीच्या बाईचं न तपासलेलं दूधही पेटीतल्या बाळाला नको. पूर्ण दिवसांच्या, धडधाकट बाळासाठी ही तुलना बहुधा लागूच होत नाही. तिथे आधी बाळ नीट धरायला शिकवणारी व्यक्ती शोधावी.

बाळ लवकर येण्याची शक्यता डॉक्टरांनी सांगितली असेल, तर नाव नोंदवतानाच विचारून ठेवा: इथे बँक आहे का, नसेल तर जवळच्या बँकेतून दूध आणता का, आणि पहिल्या रात्री आईला दूध काढायला कोण शिकवेल.