मृदंग घ्यायचाय: जुनं खोड की नवं घडवून?

सोलापुरात भजनी मंडळासाठी मृदंग घ्यायचा म्हटला की दोन सल्ले मिळतात. कुणाच्या घरी, देवळात पडून असलेला जुना घ्या आणि बांधून घ्या. नाहीतर कारागिराकडून नवा करून घ्या.

मृदंगात जुनं टिकतं ते फक्त खोड, म्हणजे लाकडाचं पोकळ अंग. पुड्या (दोन्ही तोंडांवरचं चामडं), वाद्या (त्या ताणून धरणारे पट्टे), गजरा (पुडीच्या कडेची वेणी) हे सगळं चामड्याचं काम, वाजवून झिजतं आणि बदलावंच लागतं. त्यामुळे आजोबांच्या काळचा म्हणून दाखवलेला मृदंग नव्या पुड्यांचा निघाला तर त्यात फसवणूक नाही. फसवणूक होते ती खोडात. चीर लांबी (पुट्टी) भरून बुजवतात, वरून गडद पॉलिश मारतात आणि आंब्याचं लाकूड शिसव म्हणून खपवतात.

म्हणून पुडी उतरवून बघितल्याशिवाय जुन्याचा सौदा करू नका. विकणारा नको म्हणाला तर तिथेच विषय संपवा. आतल्या बाजूला सहसा पॉलिश नसतं, लाकडाचा खरा रंग तिथे कळतो. शिसव आतूनही तपकिरी असतं, काळसर रेघांचं. बॅटरीच्या उजेडात भुंग्याची भोकं शोधा, मग हात घालून बोटं फिरवा. खरखरीत लाकडात मध्येच गुळगुळीत पट्टा लागला तर तिथे भर घातलेली असण्याची शक्यता मोठी. शेवटी काठ बघा. पुडी बसते तिथे काठ खाल्लेला असेल तर पुडीच्या एका घरात (दोन वाद्यांमधल्या भागात) सूर लागतो, दुसऱ्यात उतरतो, आणि हातोडी मारून मारून वादक कंटाळतो.

या सगळ्यातून पास झालेलं जुनं शिसवी खोड मिळालं तर मात्र सोडू नका. आपल्याकडचा उन्हाळा चाळिशीच्या वर जातो. ओलसर लाकडाचं नवं खोड त्यात तडकतं. जुन्याने असे कितीतरी उन्हाळे आधीच पचवलेले असतात.

मग नवं कुणी घडवून घ्यावं? ज्यांचा सूर ठरलेला आहे त्यांनी. खोडाचं तोंड लहान तर सूर चढा, मोठं तर खालचा. जुन्याचं तोंड आहे तेवढंच राहणार. मंडळ काळी चारमध्ये (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीत) गात असेल आणि धृपदाच्या शास्त्रीय बैठकीतला मोठ्या तोंडाचा पखवाज, म्हणजे मृदंगच, घेतला, तर ओढून ओढून पुडी फाटेल, सूर लागणार नाही. नव्यात तोंडाचं माप तुम्ही सांगता. लाकूड किती काळ वाळवलंय ते विचारा आणि जमलं तर शाई (पुडीवरचा काळा गोल) भरताना जाऊन बसा. लोहपूड आणि खळ यांच्या लगद्याचा एक पातळ थर द्यायचा, तो दगडाने घोटायचा, मग पुढचा. घोटून पडलेल्या बारीक भेगांचं जाळं हा दोष नाही, त्यानेच शाई मोकळी बोलते. दोष असतो घाईत दिलेल्या जाड थरात. त्याचे कण थोड्याच दिवसांत सुटू लागतात.

वाद्यांऐवजी नटबोल्टने ताणलेला मृदंग वारीत सोयीचा, हे मान्य. पावसाळी हवेत चामडं सैल पडतं, तेव्हा पाना फिरवला की सूर वर येतो. पण लोखंडाचं वजन गळ्यात पडतं आणि माझ्या कानाला त्याचा धुमा (डाव्या, खर्जाच्या तोंडाचा आवाज) कोरडा लागतो. मंडळाचा एकच मृदंग असणार असेल तर मी वादीचाच घेईन; दुसरा घेण्याइतके पैसे जमले तर वाटचालीसाठी नटबोल्टचा. करून घ्यायचा असेल तर आषाढीच्या बरंच आधी सांगा, म्हणजे कारागिराला शाई घोटायला सवड मिळेल.