सर्व्हर रॅकचे केबल मॅनेजर आणि वेल्क्रो: उद्यमबागेतला आठ महिन्यांचा अनुभव

४२ यू रॅक (यू हे रॅकच्या उंचीचं माप), बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याची छोटी सर्व्हर रूम, त्यात प्लास्टिकच्या दात्यांचे आडवे केबल मॅनेजर, म्हणजे केबल ओळीत धरणाऱ्या झाकणाच्या पट्ट्या, आणि वेल्क्रोचा रोल. आठ महिन्यांत तिथला अख्खा पावसाळाही येऊन गेला.

सगळ्यात मोठा फरक पडला तो वेल्क्रोने. नायलॉनचा टाय करकचून ओढला की केबलचं आवरण दबतं आणि आतल्या तारांच्या जोड्यांचा पीळ बिघडतो. पोर्टचा दिवा हिरवाच राहतो, पण एरर वाढत जातात आणि दोष स्विचवर (नेटवर्कच्या केबल जोडतात ती पेटी) येतो. शिवाय एक केबल बदलायची तर टाय कापावाच लागतो, आणि कापलेलं टोक मनगट ओरबाडतं. वेल्क्रो दर ३० सेंमीवर बांधा, पट्टीखाली जुडगा बोटाने फिरवता येईल इतका सैल. पीओई कॅमेऱ्यांच्या (ज्यांना नेटवर्क केबलमधूनच वीज मिळते) केबल एका जुडग्यात २४ पेक्षा जास्त नकोत. मधल्या केबलची उष्णता बाहेर पडत नाही.

मॅनेजर घेण्याआधी हिशेब करा. १ यू मॅनेजरची आतली जागा ४० बाय ६० मिमी, म्हणजे २४०० चौ. मिमी. कॅट सिक्स ही नेटवर्क केबल साधारण ६ मिमी जाड. २४ केबल ६८० चौ. मिमी घेतात, २८ टक्के. छान बसतं. तिचाच जाड प्रकार कॅट सिक्स ए साडेसात मिमी धरली तर तेवढ्याच केबल ४४ टक्के जागा खातात. झाकण तेव्हाही बसतं, पण मधली एक केबल ओढायला गेलं की शेजारच्या तीन हलतात. सिक्स ए असेल तर २ यूच घ्या.

झाकण हा या मालाचा खरा कच्चा दुवा. एका टोकाला धरून ओढलं की कडेचे दाते तुटतात. दोन्ही हातांनी मधोमध धरून सोडवावं लागतं.

पॅच पॅनेल (बाहेरून आलेल्या केबल जिथे संपतात ती पोर्टची पट्टी), मॅनेजर, स्विच असा क्रम ठेवला की पॅनेल ते स्विच अर्ध्या मीटरची कॉर्ड पुरते. २ मीटरच्या घेतल्या तर उरलेलं वेटोळं मागे टांगलं जातं आणि सर्व्हरची गरम हवा अडते. वळण केबलच्या जाडीच्या चौपट त्रिज्येपेक्षा लहान नको, म्हणजे कॅट सिक्सला २४ मिमी. पॉवरच्या वायरी डावीकडून, डेटा उजवीकडून. ओलांडायचंच असेल तर काटकोनात.

कागदी लेबलं जुलैतच गळून पडली. पारदर्शक शेपटी वरून गुंडाळली जाते ती लेबलं मात्र जशीच्या तशी आहेत. त्यांवर फक्त आकडे ठेवा, रॅक-पॅनेल-पोर्ट, जसं १-२-१४, आणि दोन्ही टोकांना. पाळीतला माणूस मराठी वाचणारा असो की कन्नड, घोळ होत नाही.

केबल आत येते त्या भोकाला ब्रश प्लेट (ब्रशसारख्या केसांची पट्टी) लावाच. फाउंड्रीची काळी धूळ ब्रिसल्सवर साठते, महिन्यातून एकदा झटका. आणि मॅनेजरच्या पाकिटात केज नट (रॅकच्या चौकोनी भोकात बसणारे नट) येत नाहीत. एम६ चे चार प्रत्येक मॅनेजरमागे आधीच आणून ठेवा.