8 नंबरचं दोनाबे: टोकियोतल्या एका हिवाळ्याच्या वापरानंतर

नाबे, म्हणजे टेबलावरच शिजवत खायचा जपानी रस्सा, करायला दोनाबे हे मातीचं भांडंच हवं का, घरातलं स्टीलचं पातेलं चालत नाही का? डिसेंबरपासून मार्चपर्यंत सतत वापरल्यावर सांगतो, दोनाबेच घ्या. स्टीलच्या पातेल्याखालचा गॅस बंद केला की रस्सा लगेच कोमट होतो. दोनाबेत तो गॅस बंद केल्यावरही बराच वेळ वाफाळत राहतो. टोकियोतल्या थंड, कोरड्या खोलीत टेबलाभोवती बसून सावकाश जेवायचं तर हा फरक फार मोठा आहे.

माझं भांडं बांको-याकी या जपानी मातीकामाचं, मिए प्रांतातल्या योक्काइची भागातलं. या मातीत पेटालाइट नावाचं लिथियमचं खनिज मिसळतात. त्यामुळे तापल्यावर ती फारशी प्रसरण पावत नाही आणि थेट गॅसवर टिकते. 8 नंबर म्हणजे साधारण 25 सेंटिमीटर व्यास, दोन-तीन माणसांना पुरेसा. चौघांसाठी 9 नंबर घ्या. साधं दोनाबे इंडक्शनवर चालत नाही. टेबलावर करायचं तर कॅसेट शेगडी (गॅसचा छोटा डबा बसवायची) लागते, आणि तिच्यावर केवढं भांडं चालतं ते आधी वाचा. भांडं गॅसच्या डब्यावर आलं तर डबा तापून फुटू शकतो. खिडकी थोडी उघडी ठेवा.

पहिल्या वापराआधी त्यात पेज शिजवायलाच हवी. 1 लिटर पाण्यात 200 ग्रॅम शिजलेला भात घालून मंद आचेवर तासभर ठेवा, भांड्यातच पूर्ण गार होऊ द्या, मग धुवा. भाताचा स्टार्च मातीची बारीक छिद्रं बुजवतो. आपल्याकडची मातीची भांडी आधी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवतात, तसं याला करू नका. बाहेरचा तळ बिनझिलईचा असतो आणि तो पाणी पितो. ओला तळ आचेवर चढवला की आतल्या पाण्याची वाफ होते आणि तडा जातो. दोनाबे फुटतात ती बहुतेक अशीच. सुरुवातीला आच मंदच ठेवा, आणि गरम भांडं गार पाण्याखाली कधीही धरू नका. आतल्या झिलईवरची केसासारखी जाळी मात्र दोष नाही. शंका वाटली तर भांडं पाणी भरून वर्तमानपत्रावर ठेवा. कागद ओला झाला तर पुन्हा पेज शिजवा.

चव सगळी दाशीवर, म्हणजे रश्श्याच्या मूळ पाण्यावर आहे. 900 मिलिलिटर पाण्यात 10 ग्रॅम कोंबू (वाळवलेलं समुद्री शेवाळ) अर्धा तास भिजवा, मंद तापवा आणि कडेला बुडबुडे दिसताच काढून घ्या. उकळला तर रस्सा बुळबुळीत आणि कडवट होतो. मग पाण्याला उकळी आणून गॅस बंद करा, 20 ग्रॅम कात्सुओबुशी (सुकवलेल्या बोनिटो माशाचे पातळ काप) घाला, दोन मिनिटांनी न पिळता गाळा. शाकाहारी असाल तर कोंबूबरोबर तीन सुके शिताके मशरूम रात्रभर फ्रिजमध्ये भिजवा, तेही पाणी उत्तम लागतं. दाशी कुठलीही असो, त्यात सोया सॉस आणि मिरिन (तांदळाची गोड वाइन) प्रत्येकी 60 मिलिलिटर.

भांडं निम्म्याहून जास्त भरू नका. हाकुसाईला (चिनी कोबीला) भरपूर पाणी सुटतं आणि झाकणाच्या भोकातून रस्सा उतू जातो. हाकुसाईचे जाड पांढरे देठ, लीक आणि चिकनच्या मांडीचे तुकडे आधी टाका. सहा-सात मिनिटांनी पानं, मशरूम, टोफू. टोफू घट्ट, म्हणजे मोमेनच घ्या, मऊ किनु डावाने मोडतो. शुंगिकु ही पालेभाजी अगदी शेवटी, एका मिनिटापुरता.

खरी मजा शेवटच्या झोसुईत, म्हणजे उरलेल्या रश्श्यातल्या भातात आहे, त्यासाठी पोटात जागा ठेवाच. उरलेला रस्सा गाळून 600 मिलिलिटर घ्या, 300 ग्रॅम भात पाण्याखाली धुऊन त्यात टाका. धुतला नाही तर खळ होते. उकळी आली की दोन फेटलेली अंडी धारेने सोडा, गॅस बंद करा, झाकण ठेवून दीड मिनिट थांबा. भांड्याच्या उष्णतेवर अंडं मऊच राहतं.

तक्रार एकच, वाळवणं. रात्री पुसून कपाटात ठेवलं की आठवड्यात कुबट वास येतो. उपडं, तळाला हवा लागेल असं दोन दिवस ठेवा. वास आलाच तर पाण्यात दोन-तीन चमचे व्हिनेगर घालून दहा मिनिटं उकळा. साबणाच्या पाण्यात भिजत मात्र ठेवू नका, तो साबण पुढच्या रश्श्यात उतरतो.