हातांनी चालणारी मोटार आणि चिकलठाण्याचे गॅरेज

विहिरीच्या कामावर पडून माझ्या मणक्याला डी-१२ पातळीवर (पाठीच्या बाराव्या मणक्यापाशी) इजा झाली आणि कमरेखालची शक्ती व संवेदना दोन्ही गेल्या, त्याला आता चार वर्षे झाली. अंबडला माझे कृषी सेवा केंद्र आहे. बियाणे-खतांच्या खरेदीसाठी जालन्याच्या मोंढ्यात जाणे असो वा तपासणीसाठी छत्रपती संभाजीनगरला, प्रत्येक फेरी भाच्याच्या सवडीवर अवलंबून राहू लागली होती. गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी चिकलठाणा औद्योगिक वसाहतीजवळच्या एका लहान गॅरेजमधून माझ्या एएमटी गिअरच्या (क्लच पेडल नसलेल्या, गिअर आपोआप बदलणाऱ्या) मोटारीला हँड कंट्रोल, म्हणजे ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर पायांऐवजी हाताने चालवण्याचा दांडा, बसवून घेतला. त्यानंतर ती मोटार सुमारे ११,००० किलोमीटर चालवून झाल्यावर हे लिहीत आहे.

या गॅरेजचे सर्वांत मोठे गुण मोजमापात आहेत. फोनवरच तिथल्या फिटरने विचारले होते, "काका, तुमची रोजची गादी आणताय ना? तिच्यावर बसूनच माप घ्यावं लागंल." तेव्हा या प्रश्नाचे महत्त्व मला कळले नव्हते. बेडसोअर (सतत एका जागी दाब पडून होणारी जखम) होऊ नये म्हणून मी चार इंच जाडीच्या गादीवर बसतो. त्या उंचीने गुडघे स्टिअरिंगच्या जवळ येतात, खांदा वर जातो आणि दांड्यापर्यंतचे अंतर बदलते. ब्रेक पूर्ण दाबला गेल्यावरही कोपर थोडे वाकलेले राहिले पाहिजे, नाहीतर ऐन वेळी जोर लावायला हातात काही शिल्लक उरत नाही, हे त्याने मला गाडीत बसवून प्रत्यक्ष दाखवले. नुसत्या मापाला दोन तास गेले आणि ते दोन तास मला पुढे वर्षभर उपयोगी पडले.

दांडा स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला आहे. तो पुढे ढकलला की ब्रेक लागतो आणि स्वतःकडे ओढला की गाडी वेग घेते. ब्रेकसाठी ढकलण्याचीच दिशा योग्य आहे, कारण गाडी अचानक थांबते तेव्हा शरीर पुढे झुकते आणि कमरेत बळ नसलेल्या माणसाला दांडा ओढत राहणे त्या क्षणी जमणार नाही. उजव्या हाताने स्टिअरिंगवरची मूठ धरून गाडी वळवायची असते. डावा हात दांड्यावर अडकल्यामुळे गिअर निवडताना किंवा हँडब्रेक ओढताना पंचाईत होऊ नये, म्हणून दांड्यावर ब्रेक दाबलेल्या स्थितीत अडकवून ठेवणारी एक खिट्टी आहे. ही खिट्टी आणि हॉर्नचे बटण यांवाचून हा संच कोणी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. माझ्या एएमटी गाडीत चढावर सुरुवात करताना गाडी मागे घसरते, तिथे या खिट्टीचा आधार मी रोज घेतो.

आता दोष सांगतो. दांड्याला पेडलशी जोडणारा पोलादी गज, म्हणजे जोडगज, माझ्या गुडघ्याला चिकटून जात होता आणि पहिल्या वेळी त्यावर कोणतेही वेष्टन नव्हते. एप्रिलमध्ये मोंढ्यात गाडी उन्हात दोन तास उभी होती. मी बसलो, चालवत घरी आलो आणि रात्री कपडे बदलताना गुडघ्याच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा फोड दिसला. मला काहीच जाणवले नव्हते. ती जखम भरायला पाच आठवडे लागले. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात संवेदना नसलेल्या पायांजवळ उघडा धातू ठेवणे ही गंभीर चूक आहे आणि बसवणाऱ्याला ती आधी सुचायला हवी होती. तक्रार करताच त्यांनी जोडगज दोन इंच बाजूला घेतला, त्यावर जाड रबरी नळी चढवली आणि पैसे घेतले नाहीत. पेडलसमोरच्या संरक्षक पट्टीचेही तसेच झाले. माझ्या पायांचे स्नायू अधूनमधून आपोआप आखडतात आणि पाय पुढे फेकला जाऊन अ‍ॅक्सिलरेटरवर पडू शकतो, तरी ही पट्टी त्यांच्या यादीत 'हवी असल्यास' या सदरात होती. संवेदना गेलेल्या माणसाला ती बसवल्याशिवाय गाडी देऊच नये.

शिकवण्याची बाजू मला अपुरी वाटली. मोकळ्या मैदानात दीड तास सराव करून घेतला आणि किल्ली हातात दिली. खड्ड्यात गाडी आदळली की हातही हलतो आणि त्याबरोबर वेग उसळतो, इंजिन बंद पडले की ब्रेक एकदम जड होतो, कारण त्याला मिळणारी व्हॅक्यूमची मदत संपते, या दोन्ही गोष्टी मी रस्त्यावर एकटा शिकलो. कोपर टेकवण्यासाठी दाराला आणि मधल्या खणाला मी नंतर स्वतः गादी लावून घेतली, तेव्हा हात स्थिर झाला.

कागदपत्रांबाबत त्यांनी दिलेली माहिती अर्धवट होती. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे अशा बदलाला नोंदणी प्राधिकाऱ्याची मान्यता लागते. मला मात्र "बिल दाखवा, होऊन जाईल" एवढेच सांगितले गेले होते. बदलाची नोंद आरसी बुकात, वाहनप्रकाराची नोंद परवान्यावर आणि दोन्हींची सूचना विमा कंपनीला, या सर्वांसाठी मला जालन्याला चार फेऱ्या कराव्या लागल्या. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यातला 'इनव्हॅलिड कॅरेज' (अपंगाची गाडी) हा शब्द जाऊन 'अडॅप्टेड व्हेइकल' (गरजेनुसार बदल केलेले वाहन) आला. माझ्या परवान्यावर हा नवा शब्द पाहून मला मनापासून बरे वाटले.

सर्व मिळून ३४,००० रुपये खर्च आला आणि कामाच्या दर्जाच्या मानाने तो मला रास्त वाटतो. डिकीत सीएनजीची टाकी असलेली गाडी मात्र या कामासाठी निवडू नये, कारण व्हीलचेअर ठेवायला जागाच उरत नाही. दर ५,००० किलोमीटरला बोल्ट तपासण्यासाठी मी तिथे जातो आणि तो फिटर स्वतः गाडीपाशी येऊन काम करतो. काम दिवसभराचे असले, तर चार-पाच तासांनी मला कॅथेटरसाठी (नळीने लघवी काढण्यासाठी) स्वच्छतागृह लागतेच. दाराशी पायरी आहे आणि स्वच्छतागृहात व्हीलचेअर जात नाही, हे मी पहिल्याच दिवशी मालकांना सांगितले होते. दिवाळीपूर्वी त्यांनी पायरीवर सिमेंटचा उतार करून घेतला. स्वच्छतागृहाचे दार अजून चोवीस इंचांचेच आहे.